किक जोडून दाखवा!

स्प्रिंगला वजने टांगून तिची वाढलेली लांबी मोजण्याचा प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. आलेखात सरळ रेषा आली, प्रयोगवहीवर सही झाली, की काम संपले! ती स्प्रिंग कोणत्या यंत्रात, कशासाठी बसते, हे सहसा कोणी विचारत नाही. माझे मत असे, की प्रत्येक माध्यमिक शाळेत एखाद्या जुन्या मोटारसायकलची किक-यंत्रणा असावी आणि विद्यार्थ्यांनी ती जोडून दाखवावी. पाना हाती असला की सुटे करणे कोणालाही जमते.

उदाहरणादाखल जुनी बुलेट घेऊ. १९५५ साली मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली. ३५० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. घनफळ काढून पाहा, सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येईल. एवढे हवा-पेट्रोलचे मिश्रण पायाच्या एका झटक्याने दाबायचे असते.

गिअरपेटीचे उजवे झाकण काढले, की किकचा आस, परतीची स्प्रिंग, एक छोटी खिट्टी आणि तिला बाहेर ढकलणारी इवलीशी स्प्रिंग हाती लागते. आता जोडायला बसा. परतीची स्प्रिंग सैल ठेवूनच बसवली तर झाकण सहज लागते, पण किकचा दांडा खाली लोंबकळतो. असे का व्हावे? दांड्याला वजन आहे. ते पेलायचे तर दांडा वर, स्वस्थ असतानाही स्प्रिंगमध्ये थोडा पीळ शिल्लक हवा. म्हणून मेकॅनिक ती आधी पिळून घेतो आणि तशीच धरून झाकण बसवतो. (तेव्हा चेहरा बाजूला ठेवावा बरे का! निसटलेली स्प्रिंग फार जोरात लागते.) तुमच्या आलेखातली रेषा शून्यापासून निघते, पण या यंत्रातली स्प्रिंग शून्यावर कधीच नसते. हे फळ्यावर सांगून पटत नाही, बोटांना मात्र लगेच कळते.

खिट्टीची गोष्ट याहून रंजक आहे. दांडा दाबला की ती दातेरी चाकात अडकते आणि इंजिन फिरवते. इंजिन सुरू होऊन चाक दांड्यापेक्षा वेगाने फिरू लागले, की ती दातांवरून घसरते. मग एवढी सोय असताना बुलेट कधी कधी पायाला उलटा तडाखा का देते? दट्ट्या वर पोचण्याच्या बऱ्याच आधी ठिणगी पडली, तर इंजिन उलट फिरू पाहते. त्या दिशेला खिट्टी घसरत नाही, अडकलेलीच राहते; सारा धक्का पायावर येतो. जाणते चालक म्हणूनच घाई करत नाहीत. डीकॉम्प्रेसरची पट्टी ओढून दाब सोडतात, दट्ट्या माथ्याच्या किंचित पुढे नेतात आणि मग किक मारतात. म्हणजे पुढचा दाबाचा टप्पा येण्याआधी इंजिनाला सुमारे दीड फेरा मोकळा मिळतो आणि तेवढ्यात फ्लायव्हीलमध्ये गतिज ऊर्जा साठते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? शिवाय वर्गात ग्रीस सांडेल ते वेगळेच. ग्रीस सांडेल हे खरे. पण गावोगावच्या गॅरेजांत तुमच्याहून थोड्याच मोठ्या वयाचे तरुण हे काम रोज करतात आणि त्यांना विज्ञान येते असे कोणी म्हणत नाही, याची मला खंत वाटते. त्यांना आपले सूत्र ठाऊक नसेल. पण त्यातल्या स्थिरांकाला किती जोर लागतो हे त्यांच्या मनगटाला ठाऊक असते. अशा एखाद्या मेकॅनिकला शाळेत सन्मानाने बोलवा आणि मानधन द्या. जुने भाग भंगारवाल्याकडे मिळतात.

परीक्षाही घेता येईल. सुटे भाग ताटात मांडून द्यावेत. दांडा वर उभा राहिला तर निम्मे गुण. उरलेले निम्मे एका प्रश्नाला: स्प्रिंग अर्धा फेरा कमी पिळली असती, तर दांडा कुठे थांबला असता?