शेडकार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग



पोळा सरला, गणपती आले की आमच्या सुलतानपुरात घराच्या रंगाच्या गोष्टी सुरू होतात. दिवाळीच्या आत काम व्हायला हवं, ही घाई सगळ्यांचीच. पूर्वी ठरवायला फारसं काही नसे. सासूबाई सांगतात, पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायच्या, चुन्यात चिमूटभर नीळ घालायची, खाली गेरूचा पट्टा ओढायचा, झालं! आता दुकानदार शेडकार्ड पुढे करतो, त्यात शेकडो छटा. शिवाय मोबाइलमध्ये मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचे फोटो असतातच. त्या फोटोंपायी मी काय करून बसले, ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमची मधली खोली रंगवायची होती. खोली दहा बाय बाराची, खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. तेव्हा राखाडी रंगाची चलती होती. मी चांगला गडद राखाडी निवडला, आणि शोभा यावी म्हणून दाराची चौकटही त्याच रंगाची केली. ‘‘ताई, आधी एक भिंत करून बघू का?’’ असं पेंटरनं विचारलं होतं. पण शाळेला चार दिवस सुट्टी, तेवढ्यात सगळं उरकायचं होतं. आमचे हे म्हणाले, ‘‘तुला आवडेल ते कर.’’ मला तर आवडलंच होतं!

आल्यागेल्यानं कौतुक केलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘‘पोरी, दिवसाच दिवेलागण केली वं तू!’’ मी हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांत त्यांनी आपली पोथी आणि तांदूळ निवडायचं सूप ओसरीवर हलवलं. मला वाटलं, वाऱ्याला बसत असतील. मग एका दुपारी वीज गेली. त्या पाणी प्यायला उठल्या, भिंत कुठं संपते आणि चौकट कुठं लागते ते त्यांना कळलं नाही, आणि उंबऱ्यात पडल्या. मनगटाला महिनाभर प्लॅस्टर. ‘‘माझंच ध्यान नव्हतं,’’ एवढंच त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की मोतीबिंदू सुरू झाला आहे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ आणि पिवळट होत जातं. त्यामुळे आत प्रकाश कमी पोचतो आणि जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. आपल्याला जी ‘सुंदर एकसारखी’ खोली, ती त्यांना नुसतं धुकं! भिंतीचंही एक गणित असतं. फिकट क्रीम भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण 70 टक्के परत देते, गडद राखाडी जेमतेम 10-15 टक्के. मोठ्या खिडक्यांच्या फ्लॅटला ते परवडतं. आमच्या एका खिडकीला नाही.

आता राखाडीची हवा ओसरली आहे. रंगवाल्यांच्या जगात दरवर्षी एक रंग ‘वर्षाचा रंग’ म्हणून जाहीर होतो. एशियन पेंट्सनं 2024 साठी ‘टेरा’ हा मातकट रंग दिला. अमेरिकेच्या पॅन्टोननं 2025 साठी ‘मोका मूस’ निवडला, म्हणजे दूध जास्त झालेल्या कॉफीचा रंग. 2026 साठी तर ‘क्लाउड डान्सर’ म्हणजे चक्क पांढरा! सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या. माती, गेरू आणि चुना, फिरून तेच की! सेज ग्रीन नावाचा फिकट राखी-हिरवा, वाळत आलेल्या तुळशीच्या पानासारखा, तोही सध्या खूप दिसतो आणि डोळ्यांना निवांत वाटतो. गुलाबीबद्दल मात्र जपून. आमच्या लोणारचं सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं. खारं पाणी आटलं, क्षार वाढले आणि त्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असं तपासणीत निघालं. सरोवराला तो शोभला. लहान खोलीत चारही भिंती गुलाबी केल्या तर माणसांची तोंडंसुद्धा गुलाबी दिसतात.

कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. म्हणून कार्डावरच्या बोटभर चौकोनापेक्षा खोलीतला रंग नेहमी गडद वाटतो. कार्डावर आवडला त्याहून एक-दोन पायऱ्या फिका घ्यावा. सॅम्पलची लहान डबी आणून दोन वेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. मग सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री आपल्याच दिव्याखाली बघावेत. बल्बच्या खोक्यावर 6500 आकडा असेल तर उजेड निळसर पांढरा, 3000 असेल तर पिवळा. निळसर उजेडात क्रीम रंग मळका दिसतो. मातीचा रंग हवाच असेल तर एकाच भिंतीला द्यावा, तोही खिडकीसमोरच्या, जिच्यावर उजेड पडतो. खिडकीच्या भिंतीला गडद रंग दिला की खिडकी डोळ्यांवर येते. छत पांढरंच ठेवा. आणि फिक्या रंगानं उन्हाळ्यात खोली थंड राहते म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. ऊन तापवतं ते वरच्या स्लॅबला. पांढरा लेप द्यायचा तर तिथं द्या.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुन्या घरात खिडक्या-दारांना जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते, आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातातोंडातून पोटात जाते. मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट. पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच घासायला सांगा, मुलं आणि गरोदर सून-लेक त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा, केरसुणी न फिरवता ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि भिंतीला पावसाची ओल असेल तर थांबा. ओलीवर दिलेल्या रंगाचे संक्रांतीपर्यंत पोपडे निघतात, दिवाळी साधल्याचं समाधान तेवढं राहतं.

आम्ही मधली खोली गेल्या वर्षी पुन्हा रंगवली. भिंती फिक्या क्रीम, चौकट गडद तपकिरी, बटणांच्या बोर्डाभोवती त्याच तपकिरीचा दोन बोटं पट्टा, आणि उंबऱ्यावर पिवळी रेघ. पट्टा आणि रेघ कुठल्याच फोटोत नव्हती, ती मीच काढली. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता उरलेल्या 390 फुटांना दोन हातांसाठी सहा लिटर लागला. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीचा हा हिशेब; खडबडीत भिंत जास्त पिते.

सासूबाईंचं सूप आता पुन्हा आत आलं आहे. आणि हो, डब्यावरचा शेड नंबर रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवा. वर्षानं एखादा डाग झाकायला तोच रंग लागतो, आणि तोवर डबा कुठं गेला ते कुणालाच आठवत नाही.