नाल्याकांठची बरड

वांटणीच्या वेळीं काळी थोरल्याकडे व नाल्याकांठची बरड धाकट्याकडे जाते, हें आम्हीं महसुली नोकरीभर पाहिलें. जुन्या बंदोबस्तांत बरडीची आकारणी हलकी होती; त्यावरून जमिनीची लायकीही हलकी, असा अर्थ लोकांनीं उगाच घेतला.

सेवाग्रामच्या आसपास, धाम नदीकडे जाणाऱ्या नाल्यांच्या उंच कांठांवर, वीतभर मातीखालीं गोटे व मुरूम लागतो. पाणी तेथें उभें राहत नाहीं. ज्या श्रावणांत काळींतील कपाशी मुळांस हवा न मिळून पिवळी पडते व डवरा चिखलांत रुततो, त्याच श्रावणांत बरडींत पाऊस थांबतांच डवरा चालतो. दोषही उघड आहे. आठ-दहा दिवस उघाड पडली कीं पीक माना टाकतें, आणि एकदम घातलेलें खत पाण्यासरशीं खालीं निघून जातें. म्हणून शेणखत दरसाल व वरखत थोडथोडें द्यावें. मूग, ज्वारी अशीं लवकर येणारीं पिकें घ्यावीं. कोरडवाहू गव्हाचा हट्ट तेथें धरूं नये.

अलीकडे मात्र सडकेच्या ठेकेदारास मुरूम विकण्यासाठीं हीच जमीन खणूं देण्याचा मोह वाढला आहे. सरकारी परवाना असला म्हणून खड्ड्यांत पीक येत नाहीं! वीतभर माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. ती रोख चार पैशांसाठीं घालविणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्यास फारच निकड असेल, त्यानें बरड दोन सालांच्या मक्त्यानें लावावी. जमीन निदान परत तरी येते.