छत कोणाचं, मीटर कोणाच्या नावावर? ‘सूर्यघर’ योजना आणि आपले मोहल्ले

‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छतावर सौर पॅनेल, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये आणि मुदत २०२६-२७ पर्यंत. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी मिळते. तीन किलोवॅटमधून महिन्याला सुमारे ३०० युनिट वीज तयार होते. योजना चांगलीच आहे. पण मालेगाव, भिवंडी, मुंब्रा इथल्या किती घरांना ती घेता येईल, हा खरा प्रश्न आहे.

अर्जदाराचं स्वतःचं घर हवं, पॅनेल बसेल असं छत हवं आणि वीजजोडणी हवी. इथेच आपलं घोडं अडतं. मीटर अजून मरहूम दादांच्या नावावर, घर चार भावांत तोंडी वाटलेलं, वर दोन मजले चढवलेले, मग छत नेमकं कोणाचं? वाद नको म्हणून कोणी विषयच काढत नाही. वारसनोंद आणि मीटरवरचं नाव बदलणं ही कामं सौरऊर्जेसाठी नाही तरी कधीतरी करावीच लागणार आहेत. आता निदान त्यात ७८ हजारांचा फायदा दिसतोय.

दुसरी अडचण पैशाची. सबसिडी पॅनेल बसून चालू झाल्यावर खात्यात येते, म्हणजे आधी रक्कम उभी करायची. योजना जाहीर झाली तेव्हाच्या हिशेबाने तीन किलोवॅटचा खर्च १ लाख ४५ हजार होता. बँका तारण न घेता कर्ज देतात (२०२४ मध्ये दर साधारण ७ टक्के होता), पण व्याज नको म्हणणारी घरं आपल्यात खूप आहेत. बिनव्याजी कर्ज देणाऱ्या जमातीच्या संस्था लग्न, शिक्षण, आजारपणासाठी हात देतात. दर महिन्याचं बिल कमी करणाऱ्या वस्तूसाठीही त्यांनी द्यायला काय हरकत आहे? वाचलेल्या बिलातूनच हप्ता निघू शकतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं काय? सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये सबसिडी आहे. सोसायटी नोंदलेली असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्या.

ज्यांच्याकडे छतच नाही, त्यांनी पंख्याकडे बघावं. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे ६०. भिवंडी, मालेगाव, मुंब्र्यात पुरवठा खासगी कंपनीकडे असला तरी दर महावितरणचेच आहेत. त्यात १०० युनिटच्या वरच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट पडतो. वाचलेलं युनिट आधी या वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. १५० युनिट जाळणारं घर ९० वर आलं तर बिल निम्म्याहून खाली येईल. (इतर आकार वेगळे.) पंखा महाग आहे, साध्याच्या दीड-दोन पट. तरी माझ्या मते आधी हाच खर्च करावा. २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तेवढं बघून घ्या.

पत्र्याच्या घरात, यंत्रमागाच्या वरच्या माळ्यावर एप्रिल-मे कसा जातो ते सांगायला नको. पत्र्यावर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग मारला तर घर तापणं कमी होतं. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांचं सरकारी धोरणच आणलं. भाडेकरूही घरमालकाला विचारून हे करू शकतो, त्याला ना सातबारा लागतो ना मीटरवर नाव.