पानगळ म्हणजे कचरा?

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय काय, तर गेटजवळचा करंज तोडणे. कारण मार्चमध्ये पानं गळतात आणि गाड्यांवर कचरा होतो. "झाड वाळलंय," असंही एकाने ठासून सांगितलं. मंडळी, मी गप्प बसायचं ठरवून गेले होते, पण...

ठराव मांडणाऱ्या काकांच्या दिवाणखान्यात बॉस्टनच्या लालभडक मेपलचा भला थोरला फोटो आहे. ऑक्टोबरात मुलीकडे गेले होते तेव्हाचा. "आपल्याकडे ऋतूच नाहीत हो, उन्हाळा आणि जास्त उन्हाळा!" हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणजे तिकडे पडतो तो 'फॉल' आणि इकडे पडतो तो कचरा?

ऋतू आहेत, बघायला मान वर करावी लागते इतकंच. तिकडची झाडं हिवाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात, आपली बरीचशी कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला. शिवाय सगळी एकदम नाही, प्रत्येकाचं पंचांग वेगळं. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा पानं झाडून फुलतात. मग पिंपळाला तांबूस पालवी येते. कुसुंब तर असा लाल होतो की लांबून फुललाय असंच वाटावं! मेपलच्या पानांतलं लाल रंगद्रव्य, अँथोसायनिन, या कोवळ्या पानांतही असतं. तिकडे ते गळायला आलेल्या पानांत दिसतं, इकडे नुकत्याच फुटलेल्या. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. काकांच्या कपाटातही आहे, अगदी कोरं करकरीत!

आणि करंज? तो फार दिवस बोडका राहतच नाही. बघता बघता पोपटी होतो, मग फिकट जांभळट फुलांचा सडा घालतो आणि ऐन मे महिन्यात सावली देतो. गाड्या तेव्हा कुठे लावतात हे सांगायला हवं का?

पानांचा त्रास होतो, हे मान्य. गटाराची जाळी तुंबते, झाडणाऱ्या मावशींची कंबर मोडते. पण त्यासाठी मागच्या बाजूला खड्डा करून खत करता येतं. आणि झाड तोडायला १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, सोसायटीचा ठराव पुरत नाही. हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा शांतता पसरली.

असो. काल काकांना खाली नेऊन पालवी दाखवली. चष्मा पुसून बराच वेळ बघत होते. "हं," म्हणाले. ठरावावरची सही अजून तशीच आहे. रविवारी सकाळी सातला मी खराटा घेऊन गेटपाशी असेन.