३२ गुण, पण कशातले?

शाळेतून कधी एक छापील कागद घरी येतो. ‘शाळेत तुला कसं वाटतं’ या धाटणीची वीस-पंचवीस वाक्यं, शेजारी रिकामे गोल. पुढे कुणीतरी सांगतं, ‘तुमच्या मुलाला ३२ पडलेत.’ आणि घराचा जीव टांगणीला लागतो.

घाबरू नका. आधी प्रश्नावलीचं नाव विचारून घ्या.

परीक्षेच्या भीतीची स्पीलबर्गर यांची प्रश्नावली १९८० ची. वाक्यं २०, प्रत्येकाला एक ते चार गुण. मूल अगदी निर्धास्त असलं तरी २० होतातच, आणि वरचं टोक ८०. तिथे ३२ म्हणजे फारसं काही नाही. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची प्रश्नावली मुलाच्या एकूण अडचणी विचारते. तिच्या २५ पैकी २० वाक्यांची बेरीज होते, शून्य ते ४०. तिथे ३२ आले, तर मात्र समुपदेशकांकडे जायला वेळ लावू नका. कॅरल गुडनाऊ यांची १९९३ ची तिसरीच. शाळा मुलाला आपली वाटते का, हे ती बघते. तिथे गुण जितके जास्त, तितकं बरं.

एक माप पायलीचं, दुसरं किलोचं. म्हणून भाचीचे गुण आणि आपल्या मुलाचे गुण शेजारी मांडू नका.

आपल्याकडे २०१६ साली दहावीला कल चाचणी सुरू झाली. तिच्यात आवड विचारली होती. मूल शाळेत सुखी आहे का, हे तिला विचारायचंच नव्हतं. तरी माझ्या ओळखीतल्या काहींनी तो कागद मुलाचं भविष्य म्हणून वाचला.

कागद कोणी भरला, तेही बघा. गुडमन यांची प्रश्नावली पालक भरतात, शिक्षक भरतात, आणि अकरा वर्षांपुढची मुलं स्वतःही भरतात. तुम्हाला घरी मूल गप्प दिसतं, बाईंना तेच वर्गात बडबडं वाटतं. खोटं कुणीच बोलत नाही.

किती दिवसांचं विचारलंय, हेही वाचा. सहा महिन्यांचं विचारलं असेल, तर कालच्या भांडणावरून गोल रंगवू नका. चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री तर कागद हातातच घेऊ नका. कागदावर नाव लिहायचं का, तो कोण वाचणार, हे शाळेला विचारा. विचारण्यात संकोच कसला?

आणि मुलाची उत्तरं सुधारायला जाऊ नका. माझ्या नातीने ‘मला वर्गात मैत्रिणी आहेत’ याला ‘अगदी खरं’ म्हटलं. चार ओळी खाली ‘मला वर्गात एकटं वाटतं’ यालाही तेच. मी म्हटलं, ‘अगं, दोन्ही कसं खरं?’

‘आजी, मैत्रीण आहे ना. पण तिला दुसऱ्या तुकडीत टाकलंय.’

मी खोडरबर परत कंपासात ठेवला. कागदाच्या मागच्या बाजूला तिचं वाक्य पेन्सिलीने लिहिलं आणि बाईंकडे तसाच पाठवला.