आधीं निदान, मग नवें यंत्र

वार्षिक परीक्षा संपली कीं हल्लीं पुष्कळ घरीं एक मागणी ठरलेलीच असते : “बाबा, जुना कॉम्प्युटर खेळासाठीं कुचकामाचा झाला आहे, नवा जोडावयास पाहिजे.” खेळ खेळावे कीं न खेळावे, हा वाद मी येथें काढीत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, जुन्या यंत्राचें घोडें नेमकें कोठें अडतें हें शोधल्यावांचून नव्यावर एक रुपयाहि खर्चणें हा अविचार होय. आणि हा शोध दुकानदारानें नव्हे, तर मागणी करणाऱ्या मुलानें करावा.

खेळांतील चित्र हलतांना दिसतें, तें एकामागून एक झरझर काढलेल्या स्थिर चित्रांमुळें. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर प्रत्येकास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवीं असतील, तर सातांहूनहि कमी. तेवढ्या अवधींत दोघांस आपापलें काम उरकावें लागतें. प्रोसेसर हा खेळाचे नियम व पात्रांच्या हालचाली यांचा हिशेब करून काय काढावयाचें तें सांगतो. ग्राफिक्स कार्ड तें चित्र बिंदु-बिंदु करून रंगवितें. दोघांपैकीं जो मंद, त्याच्याच चालीनें दुसऱ्यास चालावें लागतें. जोडींतील एक बैल थकला असतां दुसरा बदलून काय उपयोग? जीन अमडाल ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं मांडलेल्या विचारावरून निघणारा नियम हाच आहे : कामाचा जो भाग एकंदर वेळापैकीं चौथा हिस्सा खातो, तो कितीहि जलद केला तरी बचत चौथ्या हिश्शाहून अधिक व्हावयाची नाहीं.

आतां परीक्षा कशी करावी? चित्रसंख्येवर मर्यादा घालणारी सेटिंग आधीं बंद करावी, व खेळ चालू असतां सेकंदास किती चित्रें निघतात तें लिहून ठेवावें. मग रेझोल्यूशन उतरवावें. १९२० गुणिले १०८० मापाच्या चित्रांत २०,७३,६०० बिंदु असतात. १२८० गुणिले ७२० मध्यें ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनहि कमी. ह्या बदलानें चित्रसंख्या पुष्कळ वाढली, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. ती जवळजवळ तितकीच राहिली, तर कार्डास उसंत असून प्रोसेसर किंवा रॅम मागें पडत आहे, असें समजावें. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येंहि ह्याची साक्ष मिळते. मात्र तेथील एकंदर आकड्यानें फसूं नये. आठ कोअरपैकीं एकच पूर्ण राबत असला, तर हिशेबानें शेंकडा साडेबाराच काम दिसेल. एकच विद्यार्थी साऱ्या वर्गाचीं गणितें सोडवीत असावा आणि सरासरी पाहून कोणीं म्हणावें कीं वर्गास काम थोडें आहे, तशी ती चूक होय.

निदान करूं जातां पुष्कळदां मोठ्या खर्चाचा प्रश्नच उरत नाहीं. पंख्यांत धूळ दाटून प्रोसेसर तापला, कीं तो स्वतःच्या रक्षणासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. तेथें औषध मऊ ब्रश व नवी थर्मल पेस्ट. मॉनिटरची केबल कार्डाऐवजीं मदरबोर्डास जोडली गेली, तर महागडें कार्ड रिकामें बसतें. १४४ हर्ट्झचा मॉनिटर कधीं कधीं सेटिंगमध्यें ६० वरच राहिलेला असतो. खेळ उघडण्यास फार वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी घालावी. तिनें तो वेळ घटतो, चित्रसंख्या मात्र फारशी वाढत नाहीं. आणि ऑनलाइन खेळांत चित्रें भरपूर असूनहि गडी अडखळत असेल, तर दोष बहुधा इंटरनेटचा. तो नव्या यंत्रानें जावयाचा नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्या खटपटीपेक्षां नवें घेतलेलें बरें. हें सर्वस्वीं चूक नाहीं. प्रोसेसर फार जुना असला, तर त्याबरोबर मदरबोर्ड व रॅमहि बदलावी लागते, आणि मग नवी जोडणीच योग्य ठरते. परंतु तेव्हांहि निदान वायां जात नाहीं. जुनी पेटी, एसएसडी, चांगला असल्यास वीजपुरवठ्याचा भाग, हें सारें पुन्हां वापरतां येतें. आणि उरलेला पैसा कोणत्या भागावर घालावा हें ठाऊक असतें. निदानावांचून जोडलेलें नवें यंत्र जुन्यासारखेंच एकांगी होण्याचा संभव असतो.

फळ्यावरील अक्षर दिसत नाहीं म्हणून मागें पडलेल्या मुलास चष्म्याऐवजीं शिकवणी लावणारे पालक आम्हां शिक्षकांस अपरिचित नाहींत. पैसा जातो, मूल शिणतें, आणि दोष जेथल्या तेथें राहतो. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभु येशूनें दिला, तो लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत आहे. त्या हिशेबांत आपणांजवळ आधींच काय आहे व उणें काय आहे, हेंहि आलेंच.

म्हणून पालकांस माझी विनंति कीं, मागणी येतांच “घे” म्हणूं नये व “नाहीं” असेंहि म्हणूं नये. वहीचें एक पान मागावें : खेळ कोणता, आकडे काय आले, एका वेळीं एकच बदल करून काय फरक पडला, आणि त्यावरून दोष कोठें ठरला. विद्यार्थ्यांनो, तुमच्या यंत्राचा पैसा कोणाच्या तरी महिन्याच्या मिळकतींतून येतो. तो मागण्यापूर्वीं हें पान प्रामाणिकपणें भरणें, एवढें तरी तुमच्याकडून व्हावें.