कपाट ढकलावं की ओढावं?

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर निघाली की लोखंडी कपाट हलवायची वेळ येतेच. आणि ‘हे’ घरी येईपर्यंत थांबायला आपल्याला कुठला धीर!

शाळेतलं विज्ञान म्हणतं, ओढणं सोपं. ते खरंही आहे. ट्रंकेच्या कडीला दोरी बांधून, जमिनीशी ३० अंशांचा कोन करून ओढली, तर आपल्या जोराचा निम्मा भाग तिला वर उचलू पाहतो; फरशीवरचा भार घटतो, घर्षणही घटतं. त्याच कोनात वरून खाली रेटली, तर तेवढाच जोर तिला उलट फरशीवर दाबतो.

पण पुस्तकाला कंबर नसते ना! ओढताना आपण वाकतो, मान वळवून मागे बघतो, ताण पाठीवर येतो. शिवाय वस्तू पायावर यायची भीती. म्हणून कपाट ढकलावंच. आधी रिकामं करा. साड्यांचं वजन काही थोडं नसतं. पदर खोचून, गुडघे किंचित वाकवून, हात छातीच्या खाली टेकून आडवं रेटा. जोर पायांचा हवा. फार वरून रेटलं तर उंच कपाट कलंडतं.

खाली गोणपाट सरकवायला आणि भिंतीला चिकटलेलं कपाट सोडवायला मात्र शेजारच्या वहिनींना हाक मारा.